गोळीनं ताप झाकतो, धुरीनं वास: बाळंतिणीच्या खोलीत रोज काय बघायचं

माझ्या मुलीचं सिझेरियन 2016 च्या डिसेंबरात झालं. प्रसूती वॉर्डात सिस्टर म्हणून 28 वर्षं काढून मी त्याच वर्षी निवृत्त झाले होते, त्यामुळे बाळंतपण माहेरी, इंदूरलाच, हे कुणी कुणाला विचारलंसुद्धा नाही. लोकमान्य नगरातल्या आमच्या घराची मागची खोली तिला दिली. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, संध्याकाळी ओवा-बाळंतशेपाची धुरी, सगळं यथासांग चाललं होतं. आठव्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आई, आज काहीतरी बरं नाहीये, पण काय ते सांगता येत नाही." मी कपाळाला हात लावला. गरम नव्हतं. "रात्रभर बाळानं जागवलंय, झोप थोडी," म्हणाले आणि स्वयंपाकाला लागले.

दुपारी कपडे धुणारी मौसी मागच्या दारातून आत आली आणि हळूच म्हणाली, "दीदी, बिटिया के कपड़ों में बास आ रही है." मी दिवसातून दहा वेळा त्या खोलीत जात होते आणि मला वास आला नव्हता. मौसीला आला, कारण ती ते कपडे अंगणात, धुरीपासून लांब, उघड्या हवेत धूत होती. मग थर्मामीटर शोधला. दुखण्याची गोळी सकाळी आठला दिलेली, तिचा असर उतरला होता. ताप 101.8. पोटाचा पट्टा सोडला तर टाक्यांचा डावा कोपरा लाल, चकचकीत, आणि बोट टेकलं की गढूळ पाण्याचा थेंब. पाच दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक द्यावं लागलं. बरी झाली ती. पण जे मी वॉर्डात परक्यांच्या मुलींमध्ये लांबून ओळखायचे, ते माझ्या घरात माझ्याच हातांनी झाकून ठेवलं होतं: गोळीनं ताप, धुरीनं वास, पट्टयानं जखम.

म्हणून हे लिहितेय. पहिलटकरणींसाठी तर आहेच, पण खरं सांगायचं तर त्यांच्या आया, सासवा आणि नवऱ्यांसाठी जास्त. बाळंतीण स्वतः अर्धी झोपेत असते.

घरी यायच्या आधी विचारून घ्या

साध्या प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांत आणि सिझेरियननंतर चार-पाच दिवसांत बहुतेक ठिकाणी सुट्टी मिळते. जंतुसंसर्गाची लक्षणं बऱ्याचदा त्यानंतरच डोकं वर काढतात. म्हणजे ज्या दिवसांत लक्ष ठेवायचं, त्या दिवसांत लक्ष ठेवणारी सिस्टर तुम्हीच.

सुट्टीच्या कागदावर सही करताना घाई नका करू. गाडी खाली उभी असते, पेढे वाटायचे असतात, पण पाच मिनिटं थांबून विचारा: वार पूर्ण पडली होती का, की हात घालून काढावी लागली? टाके कुठे आणि किती? लघवीची नळी किती दिवस होती? पाणी जाऊन किती तासांनी बाळ झालं? गोळ्यांपैकी तापावर चालणारी कुठली? आणि रात्री दोन वाजता फोन करायचा झाला तर कुणाला?

हे प्रश्न उगाच नाहीत. पाणी गेल्यावर 18 तासांपेक्षा जास्त वेळ लागला असेल, कळा खूप लांबून शेवटी सिझेरियन झालं असेल, वारेचे तुकडे काढावे लागले असतील, अंगात रक्त कमी असेल किंवा मधुमेह असेल, तर संसर्गाची शक्यता वाढते. नुसतं सिझेरियनही साध्या प्रसूतीपेक्षा कित्येक पट जास्त धोक्याचं. अशी बाळंतीण घरात असेल तर खाली जे सांगितलंय ते दिवसातून दोनदा करा.

घरी एक ताटली तयार ठेवा. आमच्याकडे बाळंतशेपाचा डबा ज्या ताटलीत असतो त्यातच डिजिटल थर्मामीटर, हात धुवायचा साबण, छोटी वही आणि पेन. वेगळ्या कपाटात ठेवलेला थर्मामीटर गरजेच्या वेळी सापडत नाही, हा माझा अनुभव तुम्ही वाचलाच.

साधं काय ते आधी समजून घ्या

प्रसूतीनंतर सगळं दुखतंच. प्रश्न दुखतंय का हा नसतो, कालच्यापेक्षा कमी की जास्त हा असतो. साधं बाळंतपण रोज थोडं थोडं उताराला लागतं. टाके तिसऱ्या दिवशी जितके ओढतात तितके सहाव्या दिवशी ओढत नाहीत. संसर्ग झाला की उताराला लागलेलं पुन्हा चढायला लागतं. वही त्यासाठीच हवी. कालचं दुखणं आज कुणालाच नीट आठवत नाही.

अंगावरून जाणं पहिले तीन-चार दिवस लालभडक असतं, पाळीच्या पहिल्या दिवसापेक्षाही जास्त. मग गुलाबी-तपकिरी होतं, दहाव्या दिवसाच्या आसपास पिवळट-पांढरं, आणि चार ते सहा आठवड्यांपर्यंत थोडं थोडं चालू राहतं. झोपून उठल्यावर किंवा बाळाला पाजताना एकदम थोडं जास्त आलं तर घाबरू नका. वास असतो, पण पाळीच्या रक्तासारखा, जरा लोखंडी.

गर्भाशय प्रसूतीनंतर बेंबीच्या जवळपास, घट्ट चेंडूसारखं लागतं आणि रोज साधारण एक बोट खाली सरकतं. दहा-बारा दिवसांत ओटीपोटाच्या हाडामागे जातं आणि वरून लागत नाही. आठ दिवस झाले तरी तिथेच, मऊ आणि हात लावला की दुखणारं असेल, तर आत काहीतरी राहिलंय किंवा पिकतंय अशी शंका घ्यायची. हे सिझेरियनवालीचं दाबून बघू नका, ते डॉक्टरांचं काम.

दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात पाजताना ओटीपोटात कळा येतात, गर्भाशय आकसतं म्हणून. त्या येतात आणि जातात, तीन-चार दिवसांत थांबतात. जे दुखणं जात नाही, चालताना-खोकताना वाढतं, ते वेगळं.

सकाळची दहा मिनिटं

वेळ महत्त्वाची. सकाळची गोळी द्यायच्या आधी, शेगडी पेटवायच्या आधी, धुरीच्या आधी आणि मालिशच्याही आधी. पॅरासिटामॉल चार-सहा तास ताप दाबून ठेवतं, शेकानं अंग उगाच गरम लागतं, आणि धुरीचं तर सांगितलंच.

आधी स्वतःचे हात साबणानं धुवा. 1847 मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं पाहिलं की शवविच्छेदन करून थेट प्रसूतीच्या खोलीत येणाऱ्या डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतिणी तापानं जास्त मरतात, सुइणींच्या वॉर्डात कमी. त्यानं चुन्याच्या क्लोरिनवाल्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं आणि मृत्यू झपाट्यानं उतरले. त्या काळच्या डॉक्टरांना ते मुळीच पटलं नाही. आपल्याकडेही घरातल्या वडीलधाऱ्यांना हात धुऊन या म्हटलं की राग येतो. येऊ द्या.

मग थर्मामीटर. जिभेखाली ठेवणार असाल तर चहा पिऊन पंधरा मिनिटं जाऊ द्या. काखेत ठेवलात तर आकडा अर्धा-एक अंश कमी येतो हे लक्षात ठेवा. हाताच्या पंजानं ताप बघू नका. डिसेंबरच्या सकाळी भांडी घासून आलेल्या हाताला सगळंच गरम लागतं आणि शेगडीजवळून उठलेल्या हाताला सगळंच थंड. माझ्या हाताला 28 वर्षांची सवय होती, तरी फसला.

ती शांत पडून असताना मनगटावर नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. पट्टा सोडा, सिझेरियनची जखम उजेडात बघा. खिडकीजवळ, मोबाइलचा टॉर्च लावून. रोज त्याच ठिकाणाहून एक फोटो काढून ठेवला तर फार सोपं होतं, लाली कालच्यापेक्षा पसरली की नाही हे वादावादी न करता दिसतं. खालचे टाके तिला स्वतःला आरशात बघता येतील. लाज वाटत असेल तर खोलीतून बाहेर जा, पण बघायला लावा. पॅड किंवा फडकं बदलल्यावर ते खोलीबाहेर, मोकळ्या हवेत नेऊन एकदा बघा आणि वास घ्या. ऐकायला किळसवाणं वाटतं, मान्य. मौसीनं ते न सांगता केलं होतं.

शेवटी तिला विचारा: कालच्यापेक्षा कसं? आणि तिचं उत्तर जसंच्या तसं वहीत लिहा. "बरं नाही पण सांगता येत नाही" हेही उत्तर आहे. मी ते तेव्हा लिहिलं असतं तर सहा-सात तास वाचले असते.

आकडे आणि त्यांचा अर्थ

100.4 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस, ही रेघ. त्याच्या खाली काही दिवस थोडं इकडेतिकडे झालं तर वहीत लिहा आणि चार तासांनी पुन्हा बघा. 100.4 किंवा वर आला तर डॉक्टरांना फोन, आणि तासाभरानं तेवढाच असेल तर त्याच दिवशी दाखवायचं. उद्या सकाळी नाही. ताप 102 असेल किंवा थंडी वाजून, दात कडकडून आला असेल तर फोन गाडीत बसून करा.

आता "दुधाचा ताप". तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा येताना दोन्ही छाती दगडासारख्या होतात आणि अंग थोडं गरम होतं, हे खरं आहे. पण तो ताप हलका असतो आणि एका दिवसात उतरतो. आठव्या दिवशीच्या 101 ला दुधाचा ताप म्हणणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं. मी असल्या समजुतीनं उशिरा आलेल्या मुली पाहिल्या आहेत. ताप दुधाचा आहे हे ठरवायचं तर दुसरं काही नाही हे बघून डॉक्टरांनीच ठरवावं.

उलटही ध्यानात ठेवा. पहिल्या एक-दोन दिवसांतच फणफणून ताप, भयंकर पोटदुखी, असं असेल तर ते जास्त गंभीर. काही जंतू फार वेगानं पसरतात. त्यातला एक घसादुखीचाच जंतू आहे. म्हणून घरात कुणाचा घसा दुखत असेल तर त्यानं पाचवीच्या पूजेला बाळंतिणीच्या खोलीत यायचं नाही, मग ती सख्खी आत्या का असेना. आणि बाळंतिणीचाच घसा दुखत असेल तर तिनं संडासला जायच्या आधी आणि नंतरही हात धुवावेत. आधीही, कारण घशातला जंतू हातानंच खाली जातो.

ताप नसणं म्हणजे सगळं ठीक असंही नाही. अंग थंड, 96.8 च्या खाली, आणि बाई निपचित, हे तापापेक्षाही वाईट.

वास, पोट, टाके

सडक्या मासळीसारखा, नाक फिरवावं असा वास, बरोबर ताप किंवा ओटीपोट दुखणं: गर्भाशयात संसर्ग झालाय असं धरून चालायचं. वास नसला म्हणून खात्री नाही, काही संसर्गांत वास येतच नाही. तपकिरी होऊन कमी झालेलं जाणं आठ-दहा दिवसांनी पुन्हा लालभडक सुरू झालं, तर वारेचा तुकडा आत राहिला असण्याची शक्यता असते. तो सडतो आणि रक्तही थांबू देत नाही. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजतंय आणि पुढच्या तासातही तसंच, किंवा लिंबाएवढ्या गाठी पडतायत, तर संसर्ग आहे की नाही याचा विचार करत बसू नका, रुग्णवाहिकेसाठी 108 फिरवा.

सिझेरियनच्या जखमेची कड पहिले काही दिवस किंचित गुलाबी असते, ते चालतं. लाली पसरत जाणं, भोवतालची कातडी तापलेली आणि टणक लागणं, पू किंवा गढूळ पाणी, टाक्याची कड उसवणं, यातलं काहीही चालत नाही. खालच्या टाक्यांत दुखणं सहाव्या-सातव्या दिवशी वाढलं, बसवेना झालं, तिथे ठणका लागला, तर तसंच. जखमेवर हळद, राख, घरचं तेल काही लावायचं नाही. तेलाचा बोळा आत ठेवायची पद्धत काही घरांत अजून आहे. ती कृपा करून बंद करा. आणि धुरी द्यायचीच असेल तर खोलीत फिरवा, टाक्यांखाली नको. कोळशाची शेगडी बंद खोलीत तर मुळीच नको. तिच्या वायूला वास नसतो आणि त्यानं आई-बाळ दोघंही गुदमरतात.

फडकी वापरत असाल तर साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवा. लाजेनं पलंगाखाली किंवा दुसऱ्या कपड्याआड वाळवलेली फडकी ओलसर राहतात. इंदूर 2017 पासून देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून मिरवतंय, ओला कचरा-सुका कचरा शेंबड्या पोरालाही कळतो, पण बाळंतिणीची फडकी अजून जिन्याखाली वाळतात. फडकं चार ते सहा तासांनी बदला, भिजलं असो वा नसो.

छाती

हे सविस्तर सांगते, कारण यात घरचे लोक सगळ्यात जास्त नुकसान करतात, तेही प्रेमानं.

दूध दाटलं की दोन्ही बाजू जड, टणक होतात, बाळ प्यायलं की हलकं वाटतं. संसर्गात एका बाजूला, बहुतेकदा पाचरीच्या आकारात, लाल गरम चट्टा उठतो, हात लावू देत नाही. बरोबर थंडी-ताप, अंग मोडून आल्यासारखं, जसं डेंग्यूत होतं तसं. दोन-तीन आठवड्यांनी हे जास्त होतं, म्हणजे बारसं होऊन, पाहुणे जाऊन, सगळे निर्धास्त झाल्यावर.

अशा वेळी मालिशवाली म्हणते, "गाठ मी मोडून देते," आणि अंगठ्यानं जोर लावून चोळते. चोळू देऊ नका. आतला भाग आधीच सुजलेला असतो, जोरानं सूज वाढते, कधी गळू होतं. गरम शेकाचा हट्टही सोडा. पाजून झाल्यावर थंड पाण्याची पट्टी किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवला की सूज आणि दुखणं कमी होतं. आणि त्या बाजूचं दूध तोडू नका. "खराब दूध बाळाला जाईल" म्हणून पाजणं बंद केलं की दूध आत साचतं आणि प्रकरण चिघळतं. ते दूध बाळाला बाधत नाही. बाळाला रोजच्यासारखंच पाजा. उगाच पंप लावून जास्त जास्त काढायचीही गरज नाही.

ताप 100.4 च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. गोळ्या चालू होऊन दोन दिवस झाले तरी गाठ तशीच, मधे मऊ लिबलिबीत लागतेय, तर गळू झालंय का हे सोनोग्राफीत बघावं लागतं.

लघवी आणि पाय

लघवीला जळजळ, वारंवार लागणं, गढूळ होणं: मूत्रमार्गाचा संसर्ग, आणि नळी लावलेल्यांत तो जास्त. कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखून थंडी-ताप आला तर तो मूत्रपिंडापर्यंत गेलाय. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची जुनी चाल आहे, पोट सुटतं म्हणून. पाणी द्या, भरपूर द्या. मे महिन्यात इंदूरचं ऊन 40 च्या पुढे जातं, त्यात पाजणाऱ्या बाईला तहान मारायला लावणं हे मला कधीच समजलं नाही.

एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर ती मालिश करून मोकळी करायला जाऊ नका. शिरेत रक्ताची गाठ असू शकते. डॉक्टर, लगेच.

वाट बघायची नाही ती वेळ

जंतू रक्तात पसरले की बाई झपाट्यानं खालावते. त्यात ताप असेलच असं नाही. शांत पडलेली असताना नाडी मिनिटाला 110 च्या वर, श्वास 24-25 च्या वर, बोलताना वाक्य पुरं होईना, हातपाय थंड आणि चट्ट्याचट्ट्यांचे, दहा-बारा तासांत लघवीच नाही, असंबद्ध बोलणं किंवा ओळख न पटणं. यातलं एक दिसलं तरी घरचा उपाय संपला.

असंबद्ध बोलण्याबद्दल एक सांगते. आपल्याकडे त्याला बाळंतवात म्हणतात, कुणी नजर म्हणतं, कुणी बाहेरचं म्हणून अंगाऱ्याला पळतं. अंगारा लावायचाच असेल तर रुग्णवाहिकेत लावा.

प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत ही सगळी काळजी. त्याच काळात प्रचंड डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, झटके, छातीत दुखणं, दम लागणं यांनाही हाच नियम. तो संसर्ग नसेल, रक्तदाबाचा किंवा गाठीचा प्रकार असेल, पण थांबायला परवानगी त्यालाही नाही.

दवाखान्यात काय बोलायचं

साताऱ्या-कोल्हापुराकडून लग्न होऊन आलेल्या सुना इथे हिंदीत गडबडतात. एकीला मी स्वतः पाहिलंय. डॉक्टरांनी विचारलं, "डिस्चार्ज कैसा है?" म्हणजे अंगावरून जाणं कसं आहे. तिला वाटलं दवाखान्यातून सुट्टी कधी मिळाली ते विचारतायत. म्हणाली, "पाँच दिन हो गए, अच्छा हुआ." डॉक्टरांनी लिहिलं, डिस्चार्ज पाच दिवस, ठीक. ती बिचारी वासाचं सांगायलाच तिथे आली होती.

"अंगावरून जातंय" याचं शब्दशः हिंदी करू नका, कुणाला कळत नाही. सरळ सांगा: "डिलीवरी को आठ दिन हुए, ऑपरेशन से हुई. कल रात से बुखार है, 101.8. नीचे से बदबूदार पानी जा रहा है. पेट में नीचे दर्द है. सुबह आठ बजे पैरासिटामोल दी थी." गोळीची वेळ सांगायलाच हवी. गोळी घेऊन गेलात तर तिथे थर्मामीटर 98.6 दाखवतो आणि तुम्हाला घरी पाठवतात. वही दाखवा, जखमेचे फोटो दाखवा, सुट्टीचा कागद पुढे ठेवा. आणि पाजतेय हे आवर्जून सांगा म्हणजे औषध त्या हिशेबानं देतील. बहुतेक अँटिबायोटिक पाजताना चालतात, त्यामुळे घाबरून गोळ्या अर्ध्या सोडू नका. मेडिकलवाल्या भैयाकडून नाव सांगून अँटिबायोटिक आणायचं तर नावच काढू नका. अर्धवट डोसानं लक्षणं दबतात, संसर्ग आत राहतो.

कुठे आणि कसं जायचं

जिथे बाळ झालं तिथे आधी फोन. पण रात्री तिथे डॉक्टर नसतील किंवा "सकाळी आणा" म्हणाले आणि लक्षणं वर सांगितलेली असतील, तर भीड धरू नका. इंदूरला सरकारीत एमवाय म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालय आहे, महाराजा तुकोजीराव होळकर महिला रुग्णालय म्हणजे आपलं एमटीएच आहे, पी. सी. सेठी आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून चालू आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतिणीला 42 दिवसांपर्यंतच्या गुंतागुंतीसाठी तपासण्या, औषधं, गरज पडली तर रक्त, आणि येण्या-जाण्याची गाडी, सगळं मोफत. प्रसूती खाजगीत झाली असली तरी आजारी बाईला घेऊन सरकारीत जायला कुणी अडवत नाही. 108 फिरवा, बाळंतीण आहे हे पहिल्या वाक्यात सांगा.

आशाताई घरी येतात, साधारण 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. त्यांना दारातूनच चहा देऊन पाठवू नका. आत बोलवा, वही दाखवा.

रस्त्याचं आधीच बघून ठेवा. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते तेव्हा राजवाड्याकडचा सगळा भाग बंद असतो. अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या गाड्या, निघतात, माणसांचा पूर असतो. त्या दिवसांत जुन्या शहरात बाळंतीण असेल तर दुसरा रस्ता कुठला, हे घरातल्या पुरुषानं सकाळीच फिरून बघून ठेवायचं.

बाळ

आईला संसर्ग असेल तर बाळाकडेही बघावं लागतं. बाळ दूध ओढेनासं झालं, उचललं तरी सुस्त, काखेत ताप 99.5 किंवा वर, किंवा अंग थंड, 97.7 च्या खाली आणि छातीशी धरूनही गरम होत नाही, श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, छाती आत ओढली जातेय, नाळेभोवतीची कातडी लाल होतेय किंवा पू येतोय, तर त्यालाही त्याच गाडीत. नाळेला तेल, काजळ, शेणाची राख काही नको, कोरडी ठेवा, आपोआप गळून पडते.

आईला न्यायची वेळ आली तर बाळाला "थंडी लागेल" म्हणून आजीकडे ठेवून जाऊ नका. माझ्या मुलीच्या वेळी मी तेच केलं. दवाखान्यात पोचलो आणि सिस्टरनं पहिलं विचारलं, "बच्चा किधर है?" रात्री दहाला जावई स्कूटरवरून घरी आला आणि रिक्षात बाळ घेऊन परत गेला. टोपी, दोन दुपटी आणि लंगोटांची पिशवी बाळाबरोबर घ्या, ताटलीतली वही आणि थर्मामीटर आईबरोबर.